मुंगीला पंख फुटतात तेव्हां

मृगाचा पहिला पाऊस पडून जातो, तापलेल्या मातीचा वास ओटीपर्यंत येतो, आणि त्याच संध्याकाळीं दिव्याभोंवतीं पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. वडील माणसें दिवा मालवावयास सांगतात, मुलें परातींत पाणी भरून ती दिव्याखालीं ठेवतात, आणि घरांतील एखाद्या आजीबाई सहज बोलून जातात कीं, मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचें मरण जवळ आलें असें समजावें. ही म्हण आपल्या भाषेंत इतकी मुरली आहे कीं, थोड्याशा वैभवानें चढून गेलेला माणूस पाहिला म्हणजे ती आपोआप ओठांवर येते. परंतु म्हणींतील ही मुंगी कोण, तिला पंख कां असतात, आणि ती मरते ती कशानें, याचा विचार आपण क्वचितच करतों.

हा विषय आज आम्ही घेतला आहे तो निव्वळ कुतूहलासाठीं नव्हे. अलीकडे कांहीं सुशिक्षित कुटुंबांतून मुलांना एक नवा नाद लागला आहे. दोन कांचांच्या मध्यें थोडी माती घालून, किंवा प्लॅस्टरमध्यें खोल्या कोरून, त्यांत राणीसह मुंग्यांचें एक अख्खें कुटुंब ठेवावयाचें आणि त्यांचा संसार रोज न्याहाळावयाचा, असा हा नाद आहे. तो आम्हांस फार पसंत आहे. मोठी मुंगी अळीला कशी भरविते, ओल वाढली म्हणजे अंडीं उचलून दुसऱ्या खोलींत कशी नेते, हें ज्या मुलानें एकदां पाहिलें, तें पुढें मुंग्यांच्या रांगेवर पाय देण्यापूर्वीं थबकेल. शिवाय यास खर्च थोडा, जागा थोडी, आणि एकत्र कुटुंबांत आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना त्यांत सारखीच गोडी वाटते.

परंतु पेटी कांहीं वर्षें नीट चालली म्हणजे एके सकाळीं तींत पंखवाल्या मुंग्या दिसूं लागतात, आणि मग घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "बिचाऱ्यांना उडावयाचें आहे, खिडकींतून सोडून द्या, तेवढेंच पुण्य." मुलें म्हणतात, "या नव्या राण्या आहेत; एकेक राणी एकेका मित्राला देऊं, म्हणजे दहा घरें होतील." दोन्ही पक्षांचा हेतु चांगला आहे; आणि दोन्ही पक्षांचा सल्ला, आमच्या मतें, बहुतेक प्रसंगीं चुकीचा आहे. तो कां, हें कळण्यासाठीं प्रथम मुंगीच्या घरची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे.

पंख कोणास असतात?

साखरेच्या डब्याभोंवतीं आपण पाहतों त्या सर्व कामकरी मुंग्या. त्या सगळ्या माद्याच असतात, परंतु त्यांना जन्मांत कधीं पंख येत नाहींत. म्हणजे म्हणींत सुचविल्याप्रमाणें एखाद्या चालत्या-फिरत्या मुंगीला मागाहून पंख फुटले, असें केव्हांही होत नाहीं. पंख असावयाचे तर ते कोशांतच तयार होतात, आणि मुंगी बाहेर येते ती पंख घेऊनच येते. अशा पंखवाल्या दोन प्रकारच्या असतात : एक भावी राण्या आणि दुसरे नर. राणी अंगानें मोठी व छातीकडे फुगीर असते. नर सडपातळ, लहान डोक्याचा व मोठ्या डोळ्यांचा असतो.

राणीनें घातलेल्या ज्या अंड्यांचें फलन झालेलें असतें त्यांतून माद्या निघतात, आणि ज्यांचें झालेलें नसतें त्यांतून नर निघतात. या नियमामुळें एक मौज होते. मुंग्यांच्या नराला आईचा बाप असतो, पण स्वतःचा बाप नसतो. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास हें मोठें कोडेंच वाटेल. माद्यांपैकीं राणी कोण व कामकरी कोण, हें बहुतेक जातींत अळीला मिळणाऱ्या अन्नावर व घरांतील परिस्थितीवर ठरतें. घर लहान असेपर्यंत सर्व शक्ति कामकरी वाढविण्यांत खर्च होते. घर भरभराटीस आलें म्हणजे मगच पंखवाल्यांची पैदास सुरू होते. सबब पेटींत पंख दिसले तर तें घर सुस्थितींत असल्याचें लक्षण समजावें. तेथें चिंतेचें कारण नाहीं.

बाहेर मोकळ्या जागीं या पंखवाल्या आपल्या घरांत कांहीं काळ स्वस्थ बसून असतात. मग पाऊस पडून हवा दमट व निवांत झाली, कीं एकाच जातीचीं आसपासचीं अनेक घरें जणूं ठरवून एकाच वेळीं आपल्या पंखवाल्यांना बाहेर सोडतात. घराघरांतील नर व राण्या अशा रीतीनें एकत्र मिसळतात, आणि भावंडांचा संबंध बव्हंशीं टळतो. नर थोड्याच वेळांत मरतात. राणीला या एका प्रसंगीं जें बीज मिळतें, तें ती पोटांतील एका पिशवींत जपून ठेवते, आणि पुढें आयुष्यभर त्यावरच अंड्यांचें फलन करते. जमिनीवर उतरल्यावर ती आपले पंख आपणच मोडून टाकते. जिनीव्हा येथील प्येर ह्यूबर यानें १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हें प्रत्यक्ष पाहून नमूद केलें आहे. नंतर ती भोंक उकरून आंत स्वतःस कोंडून घेते. आपल्या परिचयाच्या मोठ्या काळ्या मुंगळ्याच्या गोत्रांत, आणि इतरही पुष्कळ जातींत, ही राणी पहिल्या मुली कामाला लागेपर्यंत अन्नाचा कण घेत नाहीं. उडण्याचे जे स्नायु आतां निरुपयोगी झाले, ते तिच्या अंगांतच विरघळतात आणि त्यांच्यावर ती पहिल्या अळ्या पोसते. तात्पर्य, पंख हे तिच्या लेकींच्या अन्नाची बेगमी होत.

अर्थात् हें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास येतें. पक्षी, पाली, बेडूक आणि कोळी यांच्या तोंडून सुटून संसार थाटणाऱ्या राण्या विरळाच. तेव्हां आजीबाईंची म्हण बहुतेक पंखवाल्यांपुरती खरी आहे. मात्र ज्या थोड्या वांचतात, त्यांच्या बाबतींत पंख गळणें हा संसाराचा आरंभ असतो.

दिव्याभोंवतीं असतात त्या कोण?

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याखालीं ज्यांच्या पंखांचा खच पडतो, ते किडे पुष्कळ वेळां मुंग्या नसून वाळवीचे असतात. वाळवी मुंगीच्या कुळांतली नव्हे. तिचें नातें झुरळाशीं आहे. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मुंगीची कंबर अतिशय बारीक, मिशा कोपरासारख्या वांकलेल्या, आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, आणि चारी पंख सारखे व अंगाहून लांब. मुलांच्या हातीं एक साधें भिंग द्यावें आणि परातींतले किडे वेगळे करावयास सांगावें. तासाभरांत तीं यांत तरबेज होतील. राणी समजून वाळवीची जोडी डबींत घालून घरांत आणण्याचा प्रसंगही त्यामुळें टळेल. आणि लांकडी कपाटें व पुस्तकें ज्या घरांत आहेत, त्या घरीं हें टळणें किती इष्ट आहे, तें सांगावयास नको.

पेटींत पंखवाल्या दिसल्या तर

पहिली गोष्ट म्हणजे घाई करूं नये. पंखवाल्या आंतल्या खोल्यांत गर्दी करून बसतात, कामकरी त्यांना भरवितात, आणि पुष्कळदां प्रश्न आपोआपच सुटतो. नर कांहीं आठवड्यांत मरतात. अन्नाची ओढ लागली तर कामकरी मुंग्या आपणच कांहींना संपवितात. ज्यांना स्वतःच्या हातानें जीव घेणें नकोसें वाटतें, त्यांनीं पेटी नीट बंद ठेवून हा क्रम चालूं द्यावा. या दिवसांत खाणारीं तोंडें वाढलेलीं असतात, यास्तव गोड पाणी व मारलेले किडे थोडे अधिक घालावे, आणि ओला कापूस सुकूं देऊं नये.

दुसरी गोष्ट झांकणाची. एरवीं पेटीच्या कडेला शंखजिऱ्याची पूड लावली तर चालणाऱ्या मुंग्या चढूं शकत नाहींत. उडणाऱ्यांना मात्र तिचा कांहींच अडथळा नाहीं. यासाठीं झांकणास बारीक तारेची जाळी बसवावी, आणि अन्न घालावयाचें तें जाळीच्या लहानशा दारांतून घालावें. पावसाळ्यांत संध्याकाळीं पेटी उघडूंच नये. उघडणें प्राप्तच असेल तर खिडक्या लावून, किंवा पेटी मच्छरदाणींत घेऊन उघडावी. सुटलेली राणी जाळीच्या कापडावर सहज सांपडते.

तिसरी गोष्ट मुलांच्या बेताची. पेटींतल्या पेटींत नर व राणी एकत्र ठेवले म्हणजे नवें घर होईल, ही कल्पना बहुतेक जातींच्या बाबतींत फोल आहे. मोकळें आकाश, ठराविक हवा आणि परक्या घरचे नर यांवांचून त्यांचा संबंध घडत नाहीं. क्वचित् घडला तरी तो भावंडांचा. आणि अशा संबंधांतून कांहीं जातींत वांझ नर निपजतात. आतां एखादी राणी फलनावांचूनच पंख टाकते आणि अंडीं घालूं लागते. तिला खरी राणी समजून मित्राला दिली, तर त्याच्या पदरीं निराशाच पडावयाची, कारण त्या अंड्यांतून नुसते नर निघतात, आणि नर घरचें एकही काम करीत नाहींत. पंख गळले एवढ्यावरून राणी ओळखूं नये. तिच्या पोटीं कामकरी मुंगी जन्मली म्हणजेच तिचें फलन झालें आहे असें मानावें.

याला अपवाद आहेत, आणि ते ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. घरांतून व रुग्णालयांतून आढळणारी जी बारीक, फिक्या पिवळ्या रंगाची फेरो नांवाची मुंगी, ती घराबाहेर न उडतां आंतल्या आंतच फलन उरकते. तिच्या एका घरांत अनेक राण्या असतात, आणि थोड्या कामकरींसह एखादी राणी शेजारच्या भेगेंत जाऊन निराळा संसार मांडते. अशा जातीला कोंडून ठेवण्याचा भरंवसा कोणीच देऊं नये. ती पाळूं नये हेंच उत्तम.

चौथी गोष्ट परक्या राणीची. आपल्या घरची राणी मेली, म्हणून दुसरीकडून एक आणून पेटींत सोडली, असें करण्याचा मोह होतो. मुंग्या परस्परांना अंगावरील वासानें ओळखतात, आणि परकी राणी आंत जातांच बहुधा तिचे तुकडे होतात. हा क्रूर प्रयोग मुलांकडून करवूं नये. येथें हेंही सांगणें जरूर आहे कीं, सर्वच मुंग्यांच्या घरीं राणी असते असें नाहीं. आपल्याकडेही आढळणाऱ्या डायाकॅमा या काळ्या मुंगीच्या कुळांत राणीची जातच नाहीं. त्यांतील प्रत्येक मादी जन्मते तेव्हां तिच्या पाठीवर पंखांच्या जागीं दोन चिमुकले उंचवटे असतात. घरांत एकच मादी आपले उंचवटे राखते. नव्यानें जन्मणाऱ्या इतर सर्वांचे ती कुरतडून टाकते, आणि तीच एकटी नराशीं संबंध करून अंडीं घालते. अशा घरांत राणी शोधीत बसणारा माणूस व्यर्थ शिणेल.

सोडून देणें म्हणजे दया नव्हे

आतां वडील मंडळींच्या मताकडे वळूं. पिंजऱ्यांतला पोपट सोडणें पुण्याचें, तसेंच हेंही, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पोपट एक सुटतो. फलन झालेली राणी सुटली तर तिच्या मागून एक अख्खें गांव वसतें. तें गांव त्या मातीचें नसेल, तर त्याचा त्रास तेथें पूर्वींपासून राहणाऱ्या सर्व जिवांना भोगावा लागतो.

हें भय काल्पनिक नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील तांबडी आग्या मुंगी १९३० नंतरच्या दशकांत जहाजांच्या मालाबरोबर अमेरिकेंतील मोबील बंदरीं उतरली, आणि तेथून त्या देशाच्या दक्षिण भागांत सर्वत्र पसरली. २००१ सालीं ती ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें आढळली. तिला हुसकण्याचे प्रयत्न तेव्हांपासून चालूच आहेत. २०२३ सालीं इटलींत सिसिली बेटावर तिचीं ८८ घरें सांपडल्याचें शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. तिची एक बहीण, उष्ण प्रदेशांतली आग्या मुंगी, सोळाव्या शतकांत स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराहून मॅनिला येथें गेली, असें अनुमान संशोधकांनीं २०१५ सालीं जनुकांच्या अभ्यासावरून काढलें. आणि आज ती भारतांतही ठाण मांडून आहे. म्हणजे अंगणांत पायाला डसून आग करणारी एखादी तांबडी मुंगी मूळची अमेरिकेची पाहुणी असूं शकते! या मुंग्या कोणी हौसेनें पाळून सोडलेल्या नव्हत्या, हें खरें. परंतु अजाणतां आलेल्या पाहुण्यांनीं जर इतका अनर्थ केला, तर जाणून-बुजून खिडकी उघडणाऱ्यावर केवढी जबाबदारी येते, याचा विचार सुज्ञ वाचकांनींच करावा.

परदेशच नव्हे, स्वदेशांतीलही अंतर येथें मोजलें पाहिजे. कोंकणांत पानें शिवून झाडावर घरटें करणारी तांबडी मुंगी, किंवा सह्याद्रीच्या दाट रानांतील एखादी जात, देशावरच्या शहरांत सोडणें योग्य नव्हे. जात तीच असली तरी प्रत्येक प्रदेशांतील मुंग्यांचा पिढीजात स्वभाव थोडाफार वेगळा असतो. आणि पेटींत, विकतच्या किड्यांवर वाढलेल्या मुंग्यांच्या अंगावर बारीक परोपजीवी जीव असूं शकतात, ते बाहेरच्या निरोगी घरांत शिरतात.

यास्तव पंखवाल्या सोडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. मूळ राणी याच आवारांत, निदान चालत जातां येईल इतक्या जवळ सांपडली होती काय? पेटींत दुसरीकडच्या मुंग्या किंवा त्यांचीं अंडीं-अळ्या कधीं मिसळल्या नाहींत, आणि घर निरोगी आहे काय? आणि त्याच संध्याकाळीं त्याच जातीच्या मुंग्या बाहेरही उडत आहेत काय? तिन्हींचें उत्तर निःशंकपणें होकारार्थी असेल तरच, राणी जेथें सांपडली होती तेथें नेऊन त्यांना उडूं द्यावें. मुंग्या पाळण्याचा दीर्घ अनुभव असलेले पुष्कळ लोक तर एवढेंही करूं नये असेंच म्हणतात, आणि त्यांचें ऐकल्यानें कोणाचेंही नुकसान होणार नाहीं. एकाही प्रश्नाचें उत्तर "नाहीं" किंवा "आठवत नाहीं" असें असेल, तर पेटी उघडूं नये.

पेटींत फारच गर्दी झाली, किंवा जात बाहेरची असून सुटण्याचा धोका दिसला, तर थंडी हा सर्वांत सौम्य उपाय समजला जातो. पंखवाल्यांना घट्ट झांकणाच्या डबींत घालून फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यांत पुरे दोन दिवस ठेवावें. त्या प्रथम सुस्त होतात, मग निश्चेष्ट होतात. हें वाचतांना कोणाच्या मनास चटका बसेल, आणि तो बसावा हेंच योग्य. परंतु दयेची परीक्षा आपल्या मनाला वाटणाऱ्या समाधानावरून करावयाची नसते; ज्यांच्यावर परिणाम व्हावयाचा, त्यांच्यावरून करावयाची असते. खिडकी उघडतांना होणारा आनंद आपला असतो. त्याची किंमत अंगणांतल्या मुंग्या, गांडुळें आणि चिमण्यांचीं पिलें देतात.

राणी कोठून आणावी?

हा प्रश्न वास्तविक सर्वांच्या आधीं विचारावयाचा. हल्लीं इंटरनेटवरील दुकानांतून देशोदेशींच्या राण्या कांचनळींत घालून टपालानें विकल्या जातात, आणि जितकी जात दुर्मिळ तितकी तिची किंमत अधिक. या बाजारानें काय घडतें, तें केनियांत दिसून आलें. १९२५ नव्हे, अगदीं २०२५ सालची ही गोष्ट! त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यांत दोन बेल्जियन तरुणांपाशीं सुमारें ५,००० मुंग्या, मुख्यत्वें राण्या, कापूस घातलेल्या नळ्यांतून भरलेल्या सांपडल्या. आणखी दोघे इसम त्याच सुमारास अशाच आरोपावरून पकडले गेले. त्यांत धान्य गोळा करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन मुंगीच्या राण्या होत्या. मे महिन्यांत न्यायालयानें चौघांनाही प्रत्येकीं दहा लक्ष केनियन शिलिंग दंड, आणि तो न भरल्यास बारा महिने कैद, अशी शिक्षा दिली. मुंगीसाठीं एवढें, असें कोणी म्हणेल. परंतु प्रत्येक नळींत एक व्हावयाचें घर बंद होतें, आणि तें घर त्या रानांत बीं पसरण्याचें व माती भुसभुशीत करण्याचें काम करणार होतें.

आपल्या देशांतही नियम आहेत. २००३ च्या वनस्पति-विलगीकरण आदेशाप्रमाणें जिवंत कीटक परवान्यावांचून परदेशांतून आणतां येत नाहींत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें परक्या आक्रमक जातींची आयात, बाळगणूक व प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला आहे. तेव्हां टपालानें राणी मागविण्याचा विचार मुलांच्या डोक्यांतून काढून टाकावा. तसेंच अभयारण्यांतून एक मुंगीही उचलूं नये, आणि राणीसाठीं नांदतें घर कधींही खणूं नये. एका हौसेपायीं हजारों जीव उघड्यावर पडतात.

उत्तम मार्ग सोपा आहे. पावसाच्या सरीनंतर आपल्याच अंगणांत पंख टाकून एकटीच भटकणारी एखादी राणी दिसते. ती एकच घ्यावी. एरवीं तिच्यासारख्या बहुतेकांना पाली-पांखरें टिपणारच असतात, त्यामुळें एकीला उचलल्यानें कांहीं उणें पडत नाहीं. ओल्या कापसाचा बोळा घातलेल्या नळींत, अंधारांत, तिला निवांत ठेवावें. आणि वहींत दिनांक, वेळ, जागा व हवामान लिहून ठेवावें. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचें उत्तर पुढें या वहींतच सांपडेल. अशा नोंदींचें मोल मोठें आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १८९२ सालीं रॉटन या जंगलखात्यांतील अधिकाऱ्यानें "आपल्या मुंग्या" या अर्थाच्या मथळ्याखालीं लेख लिहिला, त्याच्याही मुळाशीं असें पाहणें व टिपणेंच होतें.

राणीचें आयुष्य आणि आपलें वचन

शेवटीं एक गोष्ट वडील मंडळींनीं छंद सुरू होण्यापूर्वींच मुलांना सांगावी. इंग्लंडांतील सर जॉन लबक यांनीं कांचांच्या मध्यें मुंग्या पाळून १८८२ सालीं त्यांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांच्याजवळची एक राणी जवळजवळ १५ वर्षें जगली. युरोपांतील साध्या काळ्या बागमुंगीची एक राणी तर बंदिवासांत २९ वर्षांच्या आसपास जगल्याची नोंद आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलानें आज आणलेली राणी त्याचें शिक्षण संपेपर्यंत, कदाचित् त्याचें लग्न होईपर्यंतही, घरांत असूं शकेल. परीक्षा आल्या, नोकरीसाठीं परगांवीं जावें लागलें, तर तिला पाणी कोण घालणार, हें आधीं ठरवावें. एकत्र कुटुंबाचा येथें मोठा उपयोग आहे. परंतु "कोणीतरी पाहील" असें म्हटलें म्हणजे कोणीच पाहत नाहीं, हाही एकत्र कुटुंबांतलाच अनुभव आहे. कामाचा धनी एकच असावा, आणि त्याच्या गैरहजेरींत दुसरा कोण, तेंही नांवानिशीं ठरलेलें असावें. घर सांभाळणें अशक्यच झालें तर तें त्याच गांवांतील दुसऱ्या जाणत्या कुटुंबास वहीसह द्यावें. अंगणांत रिकामें करूं नये.

राणी मेली म्हणजे कामकरी मुंग्या कांहीं महिने आपलें काम करीत राहतात. कधीं कधीं त्या स्वतः अंडीं घालतात, पण त्यांतून बहुधा नरच निघतात. घर हळूहळू ओसरत जातें. तें तसेंच ओसरूं द्यावें. शेवटच्या मुंगीपर्यंत गोड पाणी व ओल देत राहावें. नवी राणी आणून हा शेवट लांबविण्यांत अर्थ नाहीं. वाढणारें घर पाहून मूल जितकें शिकतें, त्याहून अधिक तें या ओसरणाऱ्या घराची सेवा करतांना शिकतें, असें आम्हांस वाटतें.

तात्पर्य, मुंगी पाळावयाची तर आपल्याच मातींतली पाळावी, एकाच राणीवर समाधान मानावें, आणि तिच्या लेकींना पंख आले म्हणजे दार उघडण्यापूर्वीं त्या कोठल्या, हें वहींत पाहावें. या मृगांत मुलांच्या हातीं भिंग व वही द्या. राणी सांपडलीच तर उत्तम, न सांपडली तर दिव्याखालचे पंख मोजण्यांतही एक संध्याकाळ चांगली जाईल.